धुराचा रंग ओळखा, इंजिनाचा खर्च वाचवा



उसाच्या बांधणीला बैलजोडी वेळेवर मिळेना, तशी पेट्रोलवर चालणारी छोटी पॉवर वीडर यंत्रे वस्तीवस्तीवर आली. यंत्र घरी आले, पण त्याची ओळख करून घ्यायची राहिली. धूर दिसला की मिस्त्री म्हणतो, “रिंगा गेल्या, बोअर करावा लागेल.” आपण मान डोलावतो आणि ऊसबिलाचे पैसे मोजतो.

आमच्या शेजारी हेच होणार होते. ऐन बांधणीत इंजिनातून पांढरट-निळ्या धुराचे लोट निघू लागले. इंजिन खोलण्याआधी आम्ही ऑइलची काडी काढली. ऑइल खुणेच्या बरेच वर! “कमी पडू नये म्हणून वाईच जास्त घातलं,” मालक म्हणाले. शिवाय आदल्या दिवशी यंत्र ट्रॉलीत आडवे टाकून आणलेले. ऑइल सिलिंडरात आणि एअर फिल्टरमध्ये शिरले होते. जादा ऑइल काढले, फिल्टर साफ केला, प्लग पुसला आणि इंजिन दहा मिनिटे चालवले. धूर बंद. रिंगा शाबूत होत्या.

म्हणून आधी रंग बघा.

काळा धूर : पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक उघडायचा राहिला किंवा फिल्टर धुळीने बुजला. प्लगवर कोरडी काजळी दिसते.

पांढरी वाफ : थंडीत सकाळी थोडी दिसते आणि लगेच जाते. काळजी नको.

निळा धूर : ऑइल जळतेय. प्लग तेलकट होतो. फक्त सुरू करताना निघून थांबला तर व्हॉल्व्हच्या गाइडचा संशय घ्या. कामाचा ताण पडला तरी सतत निघत राहिला आणि ऑइलही घटत गेले, तर रिंगा व सिलिंडर तपासा.

ऑइलला पेट्रोलचा वास येऊन पातळी वाढली, तर कार्ब्युरेटरची सुई गळते. असे पातळ ऑइल ठेवून इंजिन चालवू नका. आतले भाग झिजतात.

खात्री करायची तर मिस्त्रीला आपल्यासमोर कॉम्प्रेशन मोजायला सांगा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब चांगला वाढला, तर झीज रिंगांची किंवा बोअरची. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघावे. नुसत्या दोरीच्या जोरावरून ठरवू नका. बऱ्याच इंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडण्याची सोय असते.

एक लक्षात ठेवा. दोन स्ट्रोकच्या फवारणी पंपात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, तिथे थोडा निळसर धूर यायचाच. चार स्ट्रोकच्या वीडरला मात्र निव्वळ पेट्रोल, ऑइल वेगळे.

खरी झीज करते ती धूळ. कोरड्या सरीत चालताना फाटक्या फिल्टरातून गेलेली माती ऑइलात मिसळून पॉलिश पेपरासारखी बोअर घासते. काहीजण तर “इंजिन जोर धरत नाही” म्हणून फिल्टरच काढून ठेवतात. हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

तेव्हा यंत्र सपाट जागी ठेवून, इंजिन बंद असताना रोज काडी बघा. फिल्टर साफ ठेवा, फाटला तर बदला. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल लवकर बदला, पुढे पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे. आणि पुढच्या वेळी मिस्त्री “रिंगा गेल्या” म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा, “कशावरून?”