क्लास बघावा मंगळवारी

पुण्यात कथकचा क्लास शोधायला फार लांब जावं लागत नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली इथे ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्यांच्या शिष्या, शिष्यांच्या शिष्या आज गल्लोगल्ली शिकवताहेत. हौसेपुरतं शिकायचं तर घराजवळचा कुठलाही क्लास चालतो. लेक म्हणाली, ‘मला विशारद करायचंय,’ आणि आमचा शोध अवघड झाला.

एका क्लासचा वार्षिक कार्यक्रम पाहून मी हरखलेच. भाड्याचे झगमगीत पोशाख, धुराचं यंत्र, सगळं साग्रसंगीत. पुढच्या मंगळवारी तिथेच जाऊन बसले. मोबाईलवर गाणं लावून मुली तोच नाच घोटत होत्या. तास संपला तरी तत्कार काही झाला नाही.

दुसरीकडे साधा हॉल, आरसासुद्धा नाही. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तुकडा करायला उभी राहिली. ताई म्हणाल्या, “आधी पढंत.” हातावर तीनताल धरून ती बोल म्हणू लागली आणि नवव्या मात्रेला खाली दाखवायची सोडून टाळी देऊन बसली. “पुन्हा, समेपासून.” मग तत्कार. दुगुनीपर्यंत ठीक चाललं. चौगुनीत डावा पाय हलका पडायला लागला. ताईंनी तिला घुंगरू सोडायला लावले. घुंगरांच्या छमछमाटात असलं बरंच खपून जातं. नुसता पाय लगेच उघडा पडतो. ठायीत आणून डावा-उजवा सारखा वाजेपर्यंत ताईंनी तिला सोडलं नाही. तोवर बाकीच्या मुली हातावर ताल देत उभ्या. एकीचीही चुळबुळ नाही. मला तिथेच क्लास पटला.

जमीनही बघावी. सिमेंटवर थेट बसवलेल्या फरशीवर रोज पाय आपटून नडग्या आणि टाचा दुखतात. खाली पोकळी ठेवलेली लाकडी जमीन उत्तम, पण ती फार थोड्या ठिकाणी असते. नसेल तर ताई मुलींना पाय मोकळे करायला वेळ देतात का, एवढं तरी पाहावं. लहरा ॲपवर असला तर बिघडत नाही. मोठ्या मुलींना मात्र अधूनमधून तबलजीसोबत नाचायला मिळालं पाहिजे.

आणि परीक्षा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची वाट लांबलचक आहे. ‘दर वर्षी एक परीक्षा नक्की’ असं सांगणाऱ्यांचं मला जरा भयच वाटतं. त्यापेक्षा विचारावं, यंदा कुणाला परीक्षेला बसू दिलं नाही? ज्यांच्याकडे उत्तर असतं, त्या ताई मुलींकडे बघत असतात.

फी भरण्याआधी मधल्या वारी एक तास कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाले, तर दुसरा क्लास शोधा.