अस्वल आलं तर?

जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूला ट्रेकला जाणारी आपली मुलं वाढलीत, तसा एक प्रश्न वारंवार कानावर येतो: अस्वल आलं तर? आणि पाठोपाठ दुसरा: आजोबांची बंदूक बरोबर घेतली तर? कोलोरॅडोतल्या माझ्या मामेभावाने तर थेट विचारलं, "दादा, तुम्ही कुठलं पिस्तूल नेता?" त्यांच्याकडे .४४ मॅग्नम बरं की दहा मिलिमीटर, यावर रात्र रात्र वाद चालतात.

आपल्याकडे तो वाद सुरूच होत नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ३१ सांगतं, की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायचंच नाही. शिवाय बंदुकीचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबांचा परवाना नातवाच्या कामाचा नाही. जीव वाचवताना जनावर मारलं गेलं तर कलम ११ माफी देतं. पण त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असाल, तर ती माफी मिळत नाही. म्हणजे चोरून नेलेली बंदूकच तुमचा बचाव काढून घेते. ही मेख मला फार उशिरा कळली, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

बरं, कायदा बाजूला ठेवू. बंदूक वाचवते का? अलास्कातल्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अस्वल अंगावर आलं तेव्हा बंदूक वापरणारे आणि जवळ असूनही न वापरणारे, यांच्या इजेत फरक दिसला नाही. कारण सोपं आहे, वेळच मिळत नाही. आपलं अस्वल तर आणखी अवघड. नजर अधू, वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढण्यात दंग, त्यामुळे आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असलेली मादी असेल तर विचारूच नका.

म्हणून त्याला आधी कळू द्या. रानातली जुनी माणसं घुंगरू बांधलेली काठी आपटत चालतात, ती उगाच नाही. तिघेचौघे मिळून, मोठ्याने गप्पा मारत चला. इअरफोन खिशात ठेवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला, करवंदाच्या जाळीजवळ, उंबराखाली, घळीत विशेष जपा. अचानक दिसलंच तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. अंगावर आलं तर पालथं पडून मानेमागे दोन्ही हात घट्ट गुंफा. ते तोंडावर आणि डोक्यावरच पंजा मारतं.

आणि कुत्रा घरीच ठेवा. तो पुढे जाऊन अस्वलाला डिवचतो आणि घाबरून पळत येतो तो आपल्याच पायाशी, मागे अस्वल घेऊन.