आधी नृत्य की आधी संगीत?

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचा नृत्यकलेशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तो आहे. पंडित नेहरूंनी १९४४ साली, एप्रिल ते सप्टेंबर या काळात, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच किल्ल्यातील बंदिवासात लिहिला. आणि त्यावर आधारलेले नृत्यनाट्य १९४७ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत पंडित रविशंकरांचे होते.

नृत्यनाट्याला दोन जनक असतात: संगीतकार व नृत्यरचनाकार. मग आधी कोणी रचावयाचे? योगायोग असा की, त्याच १९४४ साली अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले. मार्था ग्रॅहम या नर्तकीने कथानक लिहून संगीतकार ॲरन कोपलंड यांच्याकडे धाडले. त्यांनी तेरा वादकांसाठी संपूर्ण संगीत लिहून दिले, आणि त्या तयार संगीतावर बाईंनी पदन्यास बसविले. ३० ऑक्टोबर रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रयोग झाला. ‘ॲपलेशियन स्प्रिंग’ हे नाव तर संगीत लिहून झाल्यावर ठेवलेले! तरीही त्या सुरांत पर्वत दिसतो, असे श्रोते कोपलंडना सांगत.

आपल्याकडील रीत निराळी. उदय शंकर यांच्या पथकात बहुधा नृत्य आधी बसे व संगीत मागून त्यावर बेतले जाई. पलुसकरबुवांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी तेथे हे काम वर्षानुवर्षे केले. ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. रविशंकर याच पथकात वाढले. पुढे अंधेरीस ‘इप्टा’च्या पथकात त्यांनी शांती बर्धन यांच्या नृत्यरचनेला संगीत दिले.

हे आपल्याकडे साधते, कारण ताल दोघांचा सामाईक असतो. नर्तकाला दोन आवर्तने अधिक हवी असली, तर तालमीतच ती वाढविता येतात. सम चुकली नाही म्हणजे झाले.

परंतु या सोयीची किंमतही मोजावी लागते. कोपलंडचे लिखित संगीत आजही कोणताही वाद्यवृंद वाजवू शकतो. जे केवळ तालमीत घडते आणि स्मरणात राहते, ते पथक मोडले की विखुरते. तेव्हा रचावे आपल्या रीतीने, पण लिहून ठेवावे त्यांच्या रीतीने. बंदिवासातही लेखणी खाली न ठेवणाऱ्या त्या कैद्याने आपल्याच गावात याहून वेगळे काय शिकविले?