पाळणा लांबवताना

भाची बाळाला घेऊन माहेरपणाला आली होती. बाळ पाच महिन्यांचं. दुपारी मेथी निवडताना ती हळूच म्हणाली, "मावशी, अंगावर पाजतेय तोवर काळजी नाही ना?"

माझा हात थांबला. तीस वर्षांपूर्वी मीही याच समजुतीवर निर्धास्त होते. थोरला आठ महिन्यांचा असताना पुन्हा दिवस गेले. कळलं तेव्हा तिसरा महिना सरत आला होता. धाकटी झाली, लाडाची झाली. पण माझी नोकरी सुटली, तब्येत ढासळली. एकदा रागाच्या भरात मी तिला बोलून गेले, "तू तर न बोलावता आलीस!" सात वर्षांच्या त्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून भाचीला सगळं सांगितलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी सुरू झालेली नको आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध हवं. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. हिने तर रात्रीचं वरचं दूध सुरू केलं होतं!

मग उपाय कोणते? तांबी प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होते. नेहमीच्या रोजच्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळाव्यात. निरोधने संसर्गही टळतो. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी अडचणीपुरती, दर महिन्याची नव्हे.

आणि पुरुष? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के, तर पुरुष अवघे ०.३ टक्के! वास्तविक बिनटाक्याची नसबंदी सोपी. माणूस त्याच दिवशी घरी येतो. फक्त पुढचे तीन महिने, तपासणी होईपर्यंत, दुसरं साधन वापरायचं.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. शंभर वर्षं उलटली, तरी आपण हे स्वयंपाकघरात कुजबुजतच बोलतो.

संध्याकाळी जावई आले. "ते तुम्ही बायकाच ठरवा," म्हणत त्यांनी पेपर उघडला. मी त्यांना माझ्या धाकटीची गोष्ट सांगितली. पेपर खाली आला.

सोमवारी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली, तूर्त तांबी बसवली. दुसरं मूल हवं की नको, ते पुढे दोघं ठरवतील. येईलच, तर बोलावल्यावर येईल.