पीडितदोषारोपण (वार्तांकन)

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत आरोपीच्या कृतीऐवजी पीडितेचे वर्तन, पोशाख किंवा पूर्वायुष्य पुढे आणून दोष तिच्याकडे वळवणे, यास पीडितदोषारोपण म्हणतात. मराठी मथळ्यांत ते शब्दयोजनेतून घडते. ‘तरुणीवर अत्याचार’ यात गुन्हेगार अनुल्लेखित राहतो. ‘अब्रू लुटली’ यातून बदनामी पीडितेचीच ठरते.

हीच दृष्टी विदर्भातील ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्याच्या निकालांतही आढळते. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वसंबंधांवर बोट ठेवून त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नसणे हा त्यामागील एक आधार होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर यांच्या १९७९ च्या खुल्या पत्रानंतर आंदोलने झाली.

१९८३ च्या कायदादुरुस्तीने पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे दंडनीय ठरले. नाव वगळले तरी यवतमाळसारख्या जिल्ह्यातील लहान गावात वय, शाळा व नातेसंबंध यांवरून ओळख पटू शकते. असा तपशीलही या मनाईत येतो. मथळ्यातील दोषारोप मात्र या तरतुदीच्या कक्षेबाहेर असून तो टाळणे संपादकीय विवेकावर अवलंबून राहते.