घरचा खेळाडू स्वस्त का पडतो?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत फी दोन प्रकारची असते. राज्यातल्या करदात्यांच्या मुलांना कमी, बाहेरच्यांना बरीच जास्त. कॉलेज बेसबॉलची संघनिवड या फरकाभोवतीच फिरत आली आहे.

वरच्या श्रेणीतल्या पुरुष संघांना अनेक वर्षं जेमतेम ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकड्यांत वाटता येत. २७ जणांपर्यंत, प्रत्येकी किमान पाव.

आता हिशेब पाहा. समजा, वर्षाचा खर्च घरच्या मुलाला ३० हजार डॉलर आणि बाहेरच्याला ६० हजार. पाव शिष्यवृत्तीनंतर घरच्याचे पालक २२,५०० भरतील. बाहेरच्याचा भार तेवढ्यावर आणायला ६२.५ टक्के द्यावे लागतील. म्हणजे एका पाहुण्याच्या वाट्यात घरचे दोघे बसतात, वर थोडं उरतंच! जॉर्जियात तर १९९३ पासून लॉटरीच्या पैशातली ‘होप’ शिष्यवृत्ती गुणवंत स्थानिकांचा खर्च आणखी हलका करते. व्हँडरबिल्टसारख्या खासगी विद्यापीठात मात्र फी सर्वांना सारखीच.

२०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, संघ ३४ जणांचा झाला. आता अडसर नियमाचा नाही, तिजोरीचा. ज्यांच्याकडे पैसा कमी, त्यांना घरचाच खेळाडू परवडणार.