पिवळा दिवा आणि उसाचं पेट्रोल

गाडी व्यवस्थित पळतेय, पण डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा काही जात नाही. जुन्या पेट्रोल गाडीच्या या दुखण्यावर पंढरपुरात काय किंवा कुठेही, दोन सल्ले हमखास मिळतात. बॅटरीचं टर्मिनल काढून लावा, नाहीतर सेन्सर बदला. पहिल्यानं दिवा विझतो आणि बहुधा चार दिवसांत परत येतो. दुसऱ्यानं खिसा हलका होतो.

दिव्याला बिघडलेला भाग दिसत नाही, फक्त हवा-पेट्रोलचा हिशेब चुकल्याचं कळतं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा झिर्कोनियाचा सेन्सर तीनेकशे अंशांना तापला, की धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त झालं असेल तर ०.९. व्होल्वोनं १९७६ मध्ये तो पहिल्यांदा गाडीत बसवला. त्याच्या इशाऱ्यावर इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो, घटवतो. ही दुरुस्ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि पुढच्या फेरीतही तसंच दिसलं, की दिवा लागतो.

इथे आपला ऊस मध्ये येतो. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. पंढरपूर तालुक्यातच वेणूनगरचा विठ्ठल कारखाना आहे. उसाच्या रसापासून, मळीपासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजनच असतो, म्हणून या मिश्रणाला साडेतेरा ग्रॅमच हवा पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं संगणकाला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. एवढं तो निभावतो. पण त्यात उन्हानं कडक होऊन तडकलेल्या रबरी पाइपातून इंजिन चोरून हवा ओढत असेल, तर दोन्ही मिळून मर्यादा ओलांडतात. मग शिव्या इथेनॉलला, बदली सेन्सरची, आणि पाइप तसाच!

म्हणून मेकॅनिकला स्कॅनरवर नुसता कोड नव्हे, ‘फ्युएल ट्रिम’चे, म्हणजे संगणकाच्या त्या दुरुस्तीचे, आकडे बघायला सांगा. गाडी उभी असताना आकडा चढलेला आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर आधी पाइप तपासावेत. रेसबरोबर आणखी चढत असेल, तर फिल्टर किंवा पंप.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र आकडे बघत बसू नये. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तेव्हा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं आणि आतली प्लॅटिनम-पॅलेडियमची महागडी जाळी वितळू शकते. गाडी बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा.